दुसरी सुई

"अव अव, थांब! ठेव ते तथीच!"

रत्नमाला न्हाणीतून ओल्या हातांनीच धावत आली. मोठी बहीण पंचफुला, तिची 'बाई', गॅसपाशी उभी होती. शेवटची भाकरी नुकतीच उतरली होती, तवा अजून तापलेला, आणि तिच्या हातात सुईचं ते पांढरं पेन, तव्यापासून हातभर अंतरावर.

"थंडगार हाये न हे," पंचफुला म्हणाली. "म्हनलं जरा शेकून देतो. असं थंडं टोचलं तं आंग शहारन तुह्यं."

"पापड हाये का तो शेकाले? औषध हाये बाई. फ्रीजातून काहाडलं का अर्धा घंटा तसंच ठेवा लागते. तव्याजवळ नाही, उन्हात नाही, गरम पान्यात नाही. अन् हालवाचंबी नाही."

"लय नखरे हायेत व तुह्या सुईचे. नव्या नवरीचे नसतीन इतके." पंचफुलानं पेन स्टुलावर ठेवलं आणि पदराला हात पुसले.

पंचफुला काल संध्याकाळी आली होती, आणि आज दुपारी दोनला मेडशीच्या फाट्यावरून तिचा ट्रक सुटणार होता. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा जानराव सांगलीकडे ऊसतोडीला जात, ते उन्हाळा लागेपर्यंत. दरवर्षी जाण्याआधी एक रात्र धाकट्या बहिणीकडे. यात नवं काही नव्हतं. नवं इतकंच होतं, की यंदा ती आल्यापासून त्या सुईबद्दलच विचारत होती.

रत्नमाला मेडशीजवळच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होती. पॅनलसमोर बसायचं, दर तासाला आकडे लिहायचे, सांगितलं तेव्हा फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी लाइन, बंद करायचा, सांगितलं तेव्हा चालू करायचा, आणि उरलेल्या वेळात फोनवर शिव्या खायच्या. लाइन कवा येईल हो, मॅडम? झोपल्या काय? अख्ख्या पंचक्रोशीला वाटे की वीज ही बाई पदराखाली लपवून बसते. छत्तीस वर्षांची होती. लग्न झालं नव्हतं. पाहुणे दोनदा बघायला आले, आणि दोन्ही वेळा त्याच दिवशी डोकं उठलं. बाहेर पाहुणे पोहे खात होते आणि ही मागच्या खोलीत अंधार करून बादलीशी बसली होती. पोरगी बिमार असते, एवढी बातमी सोयऱ्यांत फिरायला मग कितीसा वेळ लागतो?

अर्धशिशी त्यांच्या घरचीच. आईला होती. आई सुंठ उगाळून कपाळाला लावायची आणि तशीच निंदायला जायची. तिच्यानंतर पंचफुलाला लागली, मग रत्नमालाला. बापाकडून एक एकरही नाही आलं, आईकडून हे मात्र दोघींना सारखं वाटून मिळालं.

रत्नमाला सोसत होती, पुढेही सोसलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी भर दुपारी ड्युटीवर तिच्या डोळ्यांसमोर चमचमत्या नागमोडी रेघा नाचायला लागल्या आणि पॅनलचा डावा अर्धा भाग दिसेनासाच झाला. एका फीडरवर भिवाजी लाइनमन खांबावर चढलेला, दुसरा फीडर चालू करायचा. हात पुढे गेला. कुठल्या हँडलवर गेला हे तिला कळेना. देव जाणे कशी बुद्धी झाली, ती थांबली, पाटी बोटानं चाचपली, अक्षर अक्षर मोठ्यानं वाचलं. चुकीचंच होतं, भिवाजीच्या फीडरचं. भिवाजी तासाभरानं खाली उतरला, चहा प्यायला आणि घरी गेला. त्याला आजतागायत काही माहीत नाही. रत्नमाला मात्र दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे गेली. आधी गोळ्या झाल्या. त्यांनी नुसती झोप यायची. मग ही महिन्याची सुई. महिन्यातले बारा-बारा दिवस जायचे, ते आता तीन-चारांवर आले होते. अगदी जादू नव्हे. पण माणसात आली होती ती.

अर्धा तास झाला. रत्नमालानं साबणानं हात धुतले, खोक्यावरची तारीख वाचली, पेनाच्या खिडकीतून औषध पाहिलं. स्वच्छ होतं, गढूळ नाही, कण नाहीत. कॅलेंडरवर मागच्या महिन्याच्या चौकटीत 'डावी' असं लिहिलेलं, म्हणून या वेळी उजवी मांडी. कापसानं पुसली, वाळू दिली.

"फुंक मारू?" पंचफुलानं विचारलं.

"अजाबात नाही."

टोपण काढलं, पेन सरळ मांडीवर दाबलं, बटण. टक् झालं. रत्नमाला ओठ मिटून मनात आकडे मोजत बसली. दुसऱ्यांदा टक् झालं, खिडकीत रंग भरला, तेव्हा पेन उचललं. रक्ताचा एक थेंब होता, त्यावर कापूस नुसता धरला, चोळला नाही. रिकामं पेन झाकणाच्या जाड बरणीत. ती बरणी अकोल्याला गेली की दवाखान्यात द्यायची. कचऱ्यात टाकली तर कुणाच्या तरी हातात सुई घुसायची.

"झालं?" पंचफुला म्हणाली. "माय माय! आपलीच सुई आपनच टोचून घेते. माही बहीन का डाक्टरीन!" आणि मग हसू न पुसताच, "फ्रीजात आनखी एक हाये न? काल मी पाह्यली."

"फुडल्या महिन्याची हाये. घडीघडी अकोल्याले जानं होत नाही, म्हनून दोन आनल्या."

"मंग ते मले दे."

रत्नमालानं बरणीचं झाकण लावता लावता मान वर केली.

"मले कायले पाह्यतं अशी? माहंबी तेच डोकं हाये. एकाच मायच्या पोटचं. तुले चालते तं मले काहून नाही चालनार? तथी उसात डोकं उठलं का मी मोळी घेऊन चालतो, अन् डोळ्याले ट्रक दिसत नाही. दुकानातल्या पुड्या खाऊन खाऊन पोट जळून राह्यलं. एक महिना तं सुखाचा जाऊ दे माहा."

"बाई, माह्या नावानं हाये ते. डाक्टरनं माहं सारं तपासून देल्ली. आमच्याकडं लाइनमन खांबावर चढाच्या आंधी लाइन बंद ठेवाचं परमिट घेते. ज्याच्या नावाचं परमिट, त्यानंच येऊन वापस कराचं. दुसरा कोनी म्हनला का कर चालू, त्याचा सख्खा भाऊ असला तरीबी मी करत नाही. मानूस मरते."

"मी काय इजेचा खांब हाओ काय व?" पंचफुला उठली आणि भाकरीची टोपली उगाचच इकडची तिकडे केली. "राहू दे. नाही देत म्हन सरळ. कायद्याच्या गोष्टी मले नोको सांगू. खुर्चीत बसून कायदे लय सुचते."

खुर्ची! हा घाव बरोबर जागी बसला. सातवीतून बाईला काढलं होतं. आईबरोबर ऊस तोडायला आणखी दोन हात हवे होते, आणि दोघींतली एकच शिकू शकत होती. "रत्नी हुशार हाये, तिले शिकू द्या," हे बारा-तेरा वर्षांच्या पंचफुलानं स्वतः बापाला सांगितलं होतं. पुढे वाशीमच्या आयटीआयची पहिली बॅगही तिनंच आणून दिली. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नव्हती. आजही बोलली नाही. बोलली असती तर रत्नमालाला सोपं गेलं असतं.

रत्नमालानं फ्रीज उघडला. दुसरं खोकं काढलं, पेन स्टुलावर ठेवलं. नियम गेले उडत, म्हणाली मनाशी. आपण पुढचा महिना काढू कसातरी. बहिणीचं पोळलेलं डोकं महिनाभर थंड होईल, यात कुणाचं काय वाईट होणार होतं?

पंचफुला लहान पोरीसारखी खूश झाली. स्टुलाशेजारीच मांडी घालून बसली, पेनाकडे बघत. "अर्धा घंटा न? बसतो. हातबी लावत नाही त्याले."

पण रत्नमालाला स्वस्थ बसवेना. सवय वाईट असते. अकोल्याच्या सिस्टरनं पहिली सुई देण्याआधी तिला जे जे विचारलं होतं, ते ती बहिणीला विचारू लागली. औषधानं कधी अंगावर गांध्या उठल्या का? दम? बीपी? छातीत दुखतं? पोट साफ होतं का?

"होते व माय. आनखी काय, कुंडली मांडतं काय?"

"पाळी येते न टायमावर?"

पंचफुला पेनाकडे बघत राहिली.

"बाई?"

"तीन महिने झाले."

रत्नमाला तिच्यासमोर खाली बसली. "भाऊजीले मालूम हाये?"

"कोनाले नाही मालूम. कोन्या तोंडानं सांगू? यंदा पोरगी बाळंत झाली माही. मी आजी झाली न व, अन् हे असं! लोकं तोंडात शेन घालतीन. अन् मुकादमाले समजलं तं तो म्हनन, ऱ्हाय घरी. एकट्या मानसाले कोन नेते? जोडी लागते." तिनं पेनाकडे बोट केलं. "मले वाटलं, सुईनं डोकं थांबलं तं बाकीचं मी निभावून नेईन."

रत्नमालानं अकोल्याला फोन लावला. तिसऱ्या वेळी सिस्टरनं उचलला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि रागावली नाही; रागावली असती तर बरं वाटलं असतं. गरोदर बाईवर या औषधाचा काय परिणाम होतो हे पुरतं माहीत नाही, म्हणून नाहीच द्यायचं, म्हणाली. आणि गरोदर नसती तरी डॉक्टरनं तपासल्याशिवाय दुसऱ्याची सुई घ्यायची नाही. दुकानातल्या पुड्या आजपासून बंद. आत्ताच्या आत्ता जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

"आणि ती काढलेली सुई परत फ्रीजमध्ये ठेवू नका, ताई. एकदा बाहेर काढली की सात दिवसांत वापरायची, नाही तर वाया. तुमची तर आजच झाली ना?"

"हो, झाली."

"मग गेली ती," सिस्टर म्हणाली.

पंचफुलाला फोनमधलं सगळं ऐकू आलं होतं. ती पेनाकडे बघून हमसून हमसून रडायला लागली. "माह्या पायी तुही सुई गेली. न तुले न मले. कायले आली मी अथी?"

"गप. आली म्हनून तं समजलं. टाकली असती न मी टोचून, तं जलमभर सोताले माफ केलं नसतं."

रत्नमाला रडली नाही. दमली होती. एक माणूस जवळचं म्हणून उरलेलं, त्याला देण्यासारखी एक वस्तू घरात होती, आणि तीही देता येत नव्हती.

अकरा वाजले होते. स्कूटीवर मागे बसवून तिनं बहिणीला आरोग्य केंद्रात नेलं. बीपी पाहिलं, वजन केलं, रक्त घेतलं, गरोदर बाईचं कार्ड बनवलं. डॉक्टरीणबाईंनी डोक्यासाठी एकच साधी गोळी लिहून दिली, तीही कधी आणि किती हे दोनदा सांगून. पुढच्या महिन्यांत काही बायकांची अर्धशिशी कमी होते, म्हणाल्या. काहींची. वजन उचलू नका, उन्हात काम करू नका, हेही म्हणाल्या. पंचफुलानं मान डोलावली. डोलावणार नाही तर काय?

"माह्याकडं ऱ्हाय," रत्नमाला दारात म्हणाली. "अर्धी भाकर खाऊ."

"अन् तो एकटा काय करन? जातो मी. तथीबी दवाखाना असन. कार्ड दाखवीन." थोडं चालून ती थांबली. "त्याले नोको सांगू आज. तथी गेल्यावर मीच सांगीन."

रत्नमालानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

फाट्यावर ट्रक भरून उभा होता. पत्रे, पाण्याचे ड्रम, चुली, कोंबड्यांच्या डालग्या, त्यावर माणसं. जानराव बोचकी वर देत होता. पंचफुला चाकावर पाय ठेवून वर चढली आणि बाजूच्या फाळक्याला टेकून बसली. रत्नमाला जानरावाला बाजूला घेऊन गेली. आडवळणानं बोलायला तिला कधी जमलंच नव्हतं.

"भाऊजी, बाई दोन जीवाची हाये. मोळी उचलू देऊ नका तिले. महिन्याले दवाखान्यात न्याची. ह्या गोळ्याइशिवाय दुसरी पुडी तिच्या तोंडात गेली तं मी तथी येऊन तुमाले धरीन."

जानरावानं नजर आपल्या चपलेकडे वळवली. चाळिशी उलटलेला, उन्हानं काळवंडलेला गडी, पण कानापर्यंत लाजला. "मी उचलीन," इतकंच म्हणाला. "दोघाइच्याबी मोळ्या मी उचलीन, रत्नमालाबाई."

वरून पंचफुला बघत होती. काय बोलणं झालं ते तिला सांगायची गरज नव्हती. तिनं तोंड फिरवलं.

"बाई," रत्नमालानं खालून हाक मारली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रत्नमाला चाकावर पाय देऊन फाळक्यापर्यंत चढली. "बाई, बोल न माह्यासंग. रागात नोको जाऊ."

पंचफुलानं वळून पाहिलं. ऊन तिच्या थेट डोळ्यांवर होतं आणि डावा डोळा अर्धा मिटला होता. रत्नमालाला त्या डोळ्याची ओळख होती. डोकं उठायला लागलं होतं.

"किती वाजता ड्युटी हाये तुही?" पंचफुलानं विचारलं.

"चारले."

"मंग अशी भर उन्हात बोडक्यानं काहून उभी हायेस? अक्कल हाये का नाही?" तिनं वाकून धाकटीची ओढणी खांद्यावरून ओढली, डोक्यावरून घेतली, कानांवरून घट्ट लपेटली आणि हनुवटीखाली गाठ मारली, शाळेत जाणाऱ्या पोरीला बांधावी तशी. "फुडल्या महिन्यात सुई नाही तुह्यापाशी. ऊन घेऊ नोको. सांभाळ."

ट्रक हलला. रत्नमाला खाली उतरली. पंचफुलाचा स्वतःचा पदर वाकताना घसरला होता. तो वर घ्यायला तिला हात मोकळा नव्हता. एका हातानं तिनं फाळका धरला होता आणि दुसऱ्यानं डोळा दाबून धरला होता.