ढोलवाल्याला विसर

बायको गेल्याचं कळलं, तेव्हा कुलूपवाला दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर चमच्यानं ताल धरून बसला होता. दूध तापायचं होतं आणि हात रिकामे होते, एवढं कारण त्याला पुरायचं. बाहेरच्या खोलीत फोन तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा हॉस्पिटलवाल्यांनी वरच्या मजल्यावर फोन लावला आणि त्याची मेहुणी जिना उतरून दारात आली. तिला तो 'वरची' म्हणायचा.

"भाऊजी, बडवणं बंद करा."

हे वाक्य ती वीस वर्षं म्हणत होती. म्हणून त्यानं मुद्दाम दोन ठोके जास्तीचे मारले. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

दूध उतू गेलं. ते कुणी पुसलं, त्याला आठवत नाही.

त्या दिवसापासून त्याच्या हातांनी संप पुकारला. दुकानात कुलपं उघडत होती, किल्ल्या घासल्या जात होत्या, पण टेबल, ताट, बादली, कशावरच बोटं पडेनात. शेवटी वरचीलाच करमेना. "काहीतरी वाजवा हो," ती जिन्यातून ओरडली, "तुम्ही आहात की नाही ते तरी कळेल!"



बायकोची शेवटची चिठ्ठी फ्रिजच्या दारावर होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं ती तिथे चिकटवली होती. त्यावर तीनच शब्द होते: 'त्या ढोलवाल्याला विसर.'

ती त्याला अरे-तुरे करायची, लग्नाच्या आधीपासून. आणि ढोलवाला कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही. पलीकडच्या गल्लीत ड्रम बनवणाऱ्याचा कारखाना होता. कुलूपवाला दुकान बंद केल्यावर रोज त्या खिडकीपाशी पाच मिनिटं रेंगाळायचा. "तिथे माझी सवत बसते का?" असं बायको विचारायची. आता जाता जाता ती सांगून गेली होती, विसर. बरं. विसरायचं. त्यानं चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि रोजची वाट बदलली.

ढोलवाला मात्र त्याला विसरायला तयार नव्हता. त्याचा फोन आला, "वहिनींच्या ऑर्डरबद्दल बोलायचं होतं."

"मी तुम्हाला विसरलोय," कुलूपवाला म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या फोनलाही त्यानं हेच उत्तर दिलं. तिसऱ्याला तर 'हॅलो'च्या आधी दिलं, आणि तो फोन निघाला वीजबिलवाल्यांचा.

मग एक निरोप आला. 'तुमचा गुडघा बसल्यावर जमिनीपासून साडेएकोणीस इंच आहे ना? खात्री करायची होती.'

कुलूपवाल्यानं दुकानात खुर्चीवर बसून टेप लावली. साडेएकोणीस. परक्या माणसाकडे आपला गुडघा असणं त्याला अजिबात सहन झालं नाही. हातातली कानस खिशात घालून तो निघाला.

कारखान्यात सरसाचा आणि ताज्या भुशाचा वास होता. भिंतीशी लाकडाची गोल अंगं थप्पी लावून ठेवलेली होती, अजून चामडी न चढलेली, दोन्हीकडून उघडी. ढोलवाला पोटानं रुंद होता आणि त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता.

"माझा गुडघा तुमच्याकडे कसा आला?" कुलूपवाल्यानं विचारलं.

"बसा ना," ढोलवाला ओरडून म्हणाला. "कोपरही आहे माझ्याकडे. दाखवतो."

त्यानं एक तक्ता पुढे ठेवला. अक्षर बायकोचं होतं. ती शिवणकाम करायची, त्यामुळे माप अगदी सुतापर्यंत होतं: खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा. कुलूपवाल्याला चार महिन्यांपूर्वीची दुपार आठवली. निळं रेघांचं कापड दाखवून, शर्ट शिवायचा म्हणून तिनं त्याला स्टुलावर बसवलं आणि टेप गुडघ्याखाली नेली.

"शर्टाला गुडघा कशाला लागतो?" त्यानं विचारलं होतं.

"लांब शिवतेय. हलू नकोस."

तो शर्ट काही आला नाही. त्यानं तिला त्यावरून महिनाभर टोचलं होतं.

ढोलवाल्यानं कोपऱ्यातल्या एका मोठ्या ड्रमवरचं फडकं काढलं. लाकडाभोवती निळं कापड गुंडाळून चिकटवलेलं होतं, त्यावर पांढऱ्या बारीक रेघा, आणि वरून पॉलिशचे हात.

"हा माझा शर्ट आहे!"

"होता," ढोलवाला म्हणाला. "आता सात हात चढलेत त्यावर. तुम्हाला घालता येणार नाही."

"पण हे असलं काही सांगितलं कुणी? मला तर लिहून गेलीय, विसर!" त्यानं पाकिटातली चिठ्ठी काढून टेबलावर आपटली.

ढोलवाल्यानं चष्मा लावला. चिठ्ठी वाचली, तक्त्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं, आणि त्याचं पोट हलायला लागलं.

"अहो, विसर नाही, विसार! विसार! काम पक्कं करायला आधी देतात ते पैसे. पहिला विसार वहिनींनी दिला, त्यात लाकूड आलं. दुसरा द्यायचा राहिलाय, त्याची आठवण लिहिलीय ही. एक काना गाळलाय बाईंनी."

कुलूपवाला बसला. काने गाळायची तिची खोड त्याला तोंडपाठ होती. एकदा 'दुपारी चर' अशी चिठ्ठी मिळाली, म्हणून तो दुपारभर बिस्किटांचे दोन डबे चरत बसला होता. दातांच्या डॉक्टरांकडे चार वाजता जायचं आहे, हे त्याला संध्याकाळी कळलं. आणि हाच माणूस दीड महिना इमानेइतबारे ढोलवाल्याला विसरत होता.

त्यानं तक्ता हातात घेतला. 'झंज एकच. वर बहीण रहते.' त्याखाली 'जग: खिडकीजवळ, मशीन हलवून.' ते त्यानं मोठ्यानं वाचलं. "जग?"

"जागा," ढोलवाला म्हणाला. "दोन काने."

'करण' या शब्दापुढे तिनं लिहिलं होतं: 'घरतली भंडी वचवयला.' यात किती काने गेले, ते दोघांनीही मोजलं नाही.

"म्हणजे हे माझ्यासाठी," कुलूपवाला म्हणाला.

"नाहीतर गुडघा कुणाचा? आता ऐका. दुसरा विसार आला की मी सामान बसवायला भोकं पाडतो. भोकं पडली की माघार नाही. तुमच्या मापाचा, तुमच्या शर्टाचा ड्रम मी आणखी कुणाच्या गळ्यात मारू? नको असेल तर आज सांगा, पहिला विसार अर्धा परत देतो. हवा असेल तर एक रकाना रिकामा आहे, तो भरा. हा मोठा ड्रम पायानं वाजवायचा. पाय कुठला चालतो तुमचा? डावा की उजवा? त्यावर सगळी मांडणी."

"माहीत नाही."

"मग वाजवून बघा."

ढोलवाल्यानं त्याला साडेएकोणीस इंचांच्या हिशेबात केलेल्या स्टुलावर बसवलं, हातात काठ्या दिल्या आणि भोकं पाडायच्या यंत्राकडे पाठ करून उभा राहिला. कुलूपवाल्याचे हात मांडीवर पडून राहिले, गंजलेल्या कड्यांसारखे. पायही हलेनात.

"त्या दिवशी फोन तीनदा वाजला," तो खाली बघत म्हणाला. "मी झाकण बडवत होतो. मला ऐकूच आला नाही."

हे त्यानं वरचीलाही सांगितलं नव्हतं.

ढोलवाल्यानं एका कानातला कापूस काढला. "काही म्हणालात?"

कुलूपवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा सांगायची गरज त्याला वाटली नाही.

"विसार किती म्हटलं?"

ढोलवाल्यानं आकडा सांगितला.

"किती?" कुलूपवाला स्टुलावर ताठ झाला. "भोकं पाडायचे एवढे? मी पूर्ण दार उघडून देतो एवढ्यात! आणि कापड तर माझंच! शिलाईसुद्धा नाही लागली तुम्हाला! वर सात हात म्हणे. चार पुरले नसते? मी काय ड्रम पावसात ठेवणार आहे?"

ढोलवाला त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो जमिनीकडे बघत होता. कुलूपवाल्याचा डावा पाय टाचेवर उभा राहून पंजानं फरशी ठोकत होता, प्रत्येक तक्रारीला एक ठोका, चुकूनही मागेपुढे नाही. ढोलवाल्यानं कानामागचा खडू काढला, पायाभोवती रेघ मारली आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर टिचकी मारली.

'दुसर विसर तो देईल. कुरकुर करील. करू द्या. पय बघा.'

"मला वाटलं, पैसे बघा," ढोलवाला म्हणाला. "नीट मोजून घ्या, असं. म्हटलं, नवऱ्यावर एवढा अविश्वास!"

कुलूपवाला आधी नाकातून हसला. मग तोंड हातात धरून बसला. ढोलवाल्यानं कापूस पुन्हा कानात घातला आणि उगीचच यंत्र चालू केलं.

विसार त्यानं त्याच दिवशी दिला, कुरकुर करूनच. संध्याकाळी वरचीला सांगितलं तेव्हा ती जिन्यातच बसली.

"ड्रम? माझ्या पलंगाच्या बरोबर खाली?"

"झांज एकच आहे. तुझ्या बहिणीनं लिहून दिलंय. तुझ्यासाठी."

"माझं एवढं मनावर घेतलं होतं, तर ड्रमच कशाला घ्यायचा?" वरची म्हणाली. मग डोळे पुसत वर गेली आणि वरून ओरडली, "दुपारी नाही वाजवायचा!"

भोकं पाडून झाली आहेत, डाव्या पायाच्या हिशेबानं. ड्रम पुढच्या आठवड्यात येईल. खिडकीजवळ शिलाई मशीन आहे, सुईत निळा दोरा ओवलेला आहे. ते हलवायचं अजून राहिलं आहे.