दोनशे सतरा उघडत नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. घराचा नाही, संगणकावरच्या एका पानाचा. आमच्या गावाच्या संकेतस्थळाचं नाव, मग एक इंग्रजी शब्द, तिरकी रेघ आणि २१७. सानगडीच्या बाजूच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, रोवणा (भातलावणी) करणाऱ्या बायका मला नुसतं ‘दोनशे सतरा’ म्हणायच्या.

माझा जन्म ते संकेतस्थळ सांभाळणाऱ्या लिलाधर मास्तरांच्या हातून झाला. साप चावला तर त्यावरचं इंजेक्शन आज कोणत्या दवाखान्यात आहे, हे मास्तर रोज सकाळी फोन करून विचारायचे आणि माझ्या पानावर लिहायचे. पाय आवळून बांधू नका, चिरू नका, माणसाला हलू देऊ नका, हेही तिथं होतं. रोवणा करणाऱ्या बायकांतल्या रुपाने तर पोरीच्या काळजीने मला फोनच्या पहिल्याच पडद्यावर ठेवलं होतं. पोरगी मोनू, पाच वर्षांची.

माझ्यात एक खोट होती. माझ्या नुसत्या आकड्यावरून आत काय आहे ते कळायचं नाही. शोधणाऱ्याला मी सापडायचोच नाही.

“मास्तर, साप म्हणून शोधलं त सापाच्या पिक्चरा येऊन राहिल्या,” शेजारच्या चंद्रभागाबाई हसायच्या. “तुमचं पान कोन्या बिळात लपलं जी?”

मास्तरांना ते लागलं. ऐन रोवण्यात, एका दुपारी त्यांनी सेटिंग बदललं आणि पानांना आकड्यांऐवजी नावं दिली. माझ्या पानाच्या नव्या पत्त्यात ‘सर्पदंश’ आणि ‘इंजेक्शन’ हे शब्द आले. शोधलं की ते पान सगळ्यांत वर दिसू लागलं. गावाने कौतुक केलं. काम चांगलंच होतं. पण जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारी ओळ लिहायची राहून गेली.

चौथ्या दिवशी रुपा रोवण्याला गेली. मोनूला धुऱ्यावर, बांध्यांमधल्या गवताळ बांधावर, बसवण्याआधी तिने काठीने गवत झोडून पाहिलं होतं. तरीही घोणस निघाली आणि मोनूच्या पायाला चावली.

रुपाने पाय बांधला नाही, चिरला नाही. मोनूला आडवं ठेवलं आणि फोन काढला.

“दोनशे सतरा पाह्य न वो!” चंद्रभागाबाई ओरडल्या.

“नाही उघडून राहिलं, मावशी! पान सापडले नाही म्हनते!”

“काहून? मास्तरनं बंद केलं का? जाऊ दे, जवळच्या दवाखान्यात ने. टाइम कायले घालवतं?”

मित्रांनो, रुपाने मला अकरा वेळा हाक मारली. मी अकराही वेळा तेच बोललो. मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन संपलेलं होतं. ते होतं उलट दिशेला, बावीस किलोमीटरवर. मास्तरांनी त्याच सकाळी नव्या पत्त्यावर तसं लिहिलंही होतं. ऑटो वळवून रुपा तिथं पोचली तेव्हा मोनू मांडीवरच होती, पण हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरांनी पुष्कळ केलं. मोनू घरी आली नाही.

तेराव्यानंतर मास्तर रुपाच्या दारात आले. आत गेले नाहीत.

“वहिनी, मी पान पुसलं नव्हतं जी. फक्त नाव बदललं.”

“मंग माह्या फोनले ते कोनं सांगाचं होतं, मास्तर?”

मास्तर दारातूनच वळले. घरी जाऊन त्यांनी ती ओळ लिहिली, माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या सगळ्या जुन्या पत्त्यांसाठी. एका ओळीचंच काम होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, यापेक्षा चांगली पानं बनवाल. त्यांना सोपी, ओळखू येणारी नावं जरूर द्या. पण जुन्या दारावर कुणीतरी विश्वासाने येणार आहे, हे विसरू नका. त्याला नव्या दारापर्यंत पोचवा, मगच कौतुक करून घ्या.

रुपा अजूनही रोज सकाळी कामाला निघण्याआधी मला उघडते. मी तिला लगेच नव्या पानावर नेतो. ती ते वाचत नाही. उघडलं एवढंच बघते आणि फोन पदराला पुसून ठेवून देते.