काकूंचं नाक

दुकान चष्म्याचं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणत. दुकान खाली, राहायच्या खोल्या वर, आणि मागच्या अंगाला भिंतीच्या आत लहानशी बाग. बागेत गुलाबाशिवाय काही नव्हतं. काकूंनी एकदा पुदिन्यासाठी कोपरा मागितला होता. त्यांची बोळवण एका कुंडीवर झाली.

काकांना गुलाबाची नवी जात तयार करायची होती. हे वेड त्यांना दुकानातच लागलं. काउंटरवर ते रोज एक ताजं फूल ठेवत. गिऱ्हाईक आलं की आधी ते फूल उचलून नाकाशी नेई आणि काही न बोलता परत ठेवी. हल्लीचे गुलाब दिसायला एकापेक्षा एक, पण वासाच्या नावाने बोंब. जुन्या जातींना वास असे, पण त्यांच्या पानांवर काळे ठिपके पडत आणि ऐन बहरात झाड उघडंबोडकं होई. काकांना या दोघांचं लग्न लावायचं होतं. झुडूप धट्टंकट्टं हवं, पानं निरोगी, फुलं पुन्हापुन्हा येणारी, आणि वास असा की हातातलं फूल खाली ठेवावंसं वाटू नये.

लग्न लावायचं म्हणजे अगदी हाताने. कळी उमलायच्या आत तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर चिमट्याने काढायचे. दुसऱ्या दिवशी बारीक ब्रशने दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची. फळ धरलंच, तर ते पिकून नारिंगी होईपर्यंत महिनोन्महिने वाट बघायची. मग आतलं बी ओल्या कागदात गुंडाळून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं, म्हणजे त्याला थंडी पडून गेल्यासारखं वाटतं आणि ते रुजतं.

"उद्या माझी बहीण आली तर तिच्यासाठी केलेलं कुठे ठेवू?" काकू फ्रिजचं दार उघडून विचारत. "इथे तुमची पोरंबाळं झोपलीयेत."

गुलाबांना त्या सवती म्हणत. त्यात राग असा नव्हता, इतक्या वर्षांत तोंडी बसलेला शब्द होता. बागेत मात्र त्या फारशा जात नसत. काट्यांनी कपडे फाटतात, हे त्यांचं ठरलेलं कारण.

एका वर्षी थंडी सरता सरता काकांना जोराचा ताप आला. चांगले आठवडाभर ते अंथरुणाला खिळले. ताप उतरला, भूक लागायला लागली, सगळं ठीक झालं असं वाटलं. मग एका सकाळी ते स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते, शेजारी शेगडीवर दूध होतं, आणि काकू जिन्यावरून धावत आल्या.

"अहो, दूध जळून कोळसा झालं! खालपर्यंत जळका वास येतोय, आणि तुम्ही इथे बसून काय करताय?"

काकांनी मान वर केली. पातेल्यातून धूर निघत होता. त्यांनी नाकाने जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग उठून साबण हुंगला, चहापत्तीचा डबा उघडून हुंगला, आणि खुर्चीत बसून राहिले.

"मला काही येत नाहीये," ते म्हणाले. "कशाचाच वास येत नाहीये."

डॉक्टरांनी सांगितलं, तापानंतर असं होतं काही जणांचं. येईल परत, नाही तर नाहीही येणार. औषध असं काही नाही.

दुसऱ्या कुणाला हे झालं असतं तर त्याने चार दिवस हळहळ करून सोडून दिलं असतं. पण काकांच्या बागेत त्याच वसंतात मागच्या सालची रोपं पहिल्यांदा भरभरून फुलणार होती. जन्मात केलेल्या संकरांतला हा त्यांना हव्या त्या गुलाबाच्या सगळ्यात जवळ पोचलेला. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, तेच नेमकं त्यांना कळणार नव्हतं. ते सकाळी बागेत जात, फुलावर वाकत, आणि तसेच सरळ होत. खिडकीतून काकूंनी हे दोन-तीन दिवस पाहिलं. मग त्या कपडे सावरत खाली उतरल्या.

"कुठलं हुंगायचंय सांगा."

"तू?"

"का, मला काय नाक नाही?"

काकांनी एक फूल त्यांच्यापुढे धरलं. काकूंनी हुंगलं.

"आहे वास."

"आहे वास म्हणजे? कसा आहे? गोड, आंबट, मसाल्यासारखा, फळासारखा?"

काकूंनी परत हुंगलं. डोळे मिटले. "नव्या पुस्तकासारखा," त्या म्हणाल्या. "पण ते पुस्तक कुणीतरी पेरूजवळ ठेवलेलं."

काकांनी कपाळाला हात लावला. पण आता त्यांना दुसरा इलाज नव्हता. रोज सकाळी, ऊन भिंतीवरून खाली उतरलं की दोघं बागेत जाऊ लागले, कारण त्याच वेळी वास सगळ्यात खुलतो. काकू हुंगत आणि मनात येईल ते सांगत. हा इस्त्री केलेल्या कापडाचा. हा दवाखान्यातल्या कापसाचा, नको. हा छान आहे, पण लगेच पळतो, लाजऱ्या पाहुण्यासारखा. काका आधी वैतागले, मग त्यांना त्यातलं कळायला लागलं. नवं पुस्तक म्हणजे कोरडा, चहासारखा वास. पेरू म्हणजे पिकल्या फळाचा. दवाखान्याचा म्हणजे लवंगेकडे झुकणारा. संसाराला इतकी वर्षं झाली, पण सकाळच्या प्रहरी दोघं एवढं कधी बोलले नव्हते. काही दिवसांनी तर चहा व्हायच्या आधीच काकू खाली जाऊन हुंगून येऊ लागल्या. काका पायऱ्या उतरेपर्यंत निकाल तयार असे.

निवडीत एकेक रोप गळत शेवटी दोन उरली.

एकाचं नाव काकांनी महाराणी ठेवलं. जर्दाळूच्या रंगाचं मोठं फूल, पाकळ्या एकीवर एक अशा रचलेल्या की बघणारा थबकावा. पान चकचकीत, एक ठिपका नाही. दुसरं काकूंचं. झुडूप ठेंगणं, पान तितकंच निरोगी, पण फुलाचा रंग विटक्या पडद्यासारखा फिका गुलाबी आणि पाकळ्या खिशातून काढलेल्या कागदासारख्या चुरगळलेल्या. काकू तिला चुरगळी म्हणायच्या.

"महाराणीला वास नाही," काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"थोडासा?"

"नाही."

"दुपारच्या उन्हात बघितलंस?"

"दुपारी बघितलं, संध्याकाळी बघितलं. नाही म्हणजे नाही. चुरगळीला आहे, आणि असा आहे की…" इथे काकू कधी नव्हे त्या अडखळल्या. "मला त्याच्यासारखं दुसरं काही आठवतच नाही. गुलाबासारखाच आहे तो."

त्याच सुमारास नर्सरीवाल्या बाई आल्या. गावाबाहेर त्यांची मोठी रोपवाटिका होती आणि काकांच्या बागेकडे त्यांचं बरेच दिवस लक्ष होतं. बाई कामाच्या, बोलायला सडेतोड. त्या चुरगळीपुढून तशाच गेल्या आणि महाराणीपुढे थांबल्या.

"काका, ही मला द्या. हिचे डोळे भरून मी पुढच्या हंगामात रोपं उभी करते. हातोहात जातील."

डोळा भरणं म्हणजे कलमाचीच एक रीत. रानगुलाबाच्या सालीत चीर पाडून त्यात हव्या त्या झाडाचा एक डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. तो फुटला की झाड तयार.

"न्या की," काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या झाडाला कुणी 'द्या' म्हटलं नव्हतं.

बाई गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, वासासाठी सगळं केलंत ना? मग बिनवासाचं कसं दिलंत?"

"वास असेलही. तुला येत नसेल."

"मला?"

"अगं, मी जन्मभर हुंगतोय गुलाब. तुझं नाक कामाला लागून महिना झाला नाही."

 दुसऱ्या दिवशी काकू बागेत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. जेवण वेळेवर मिळत होतं, शर्ट धुतलेले होते, विचारलं तर उत्तरही येत होतं, पण 'हो' आणि 'नाही' यापलीकडे नाही. काका एकटेच फुलांपुढे उभे राहत. फुलं त्यांना आता चित्रातल्यासारखी वाटत.

आपण चुकलो हे कबूल करायला काकांना पुरावा लागे. स्वभावच तसा. म्हणून त्यांनी एका सकाळी दोन्ही फुलं तोडली आणि दुकानात नेऊन काउंटरखाली ठेवली.

पहिला आला तो शिंपी. जवळचं बघायच्या चष्म्याची काडी तुटली होती. काकांनी चष्मा काढून घेतला, आणि शिंप्याला पुढचं सगळं धुरकट दिसायला लागलं. तेव्हा त्यांना ते सुचलं. चष्मा काढलेल्या माणसाला महाराणी काय आणि चुरगळी काय, दोन्ही नुसते रंगाचे ठिपके.

"जरा हे हुंगून सांगा," काकांनी महाराणी पुढे केली.

"कागदाचं आहे का?" शिंपी म्हणाला.

"आणि हे?"

शिंप्याने चुरगळी नाकाशी नेली.  काकांनी काडी बसवली, स्क्रू पिळला, काचा पुसल्या, चष्मा पुढे धरला, तरी त्याचा हात फुलावरून निघेना.

"घ्या, झालं."

"चष्मा राहू द्या हो. आधी हे काय आहे ते सांगा."

त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचा चष्मा उतरला, कामासाठी असो की नसो. बँकेतल्या बाई आल्या, ट्रक चालवणारा आला, नंबर तपासायला शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. महाराणी हुंगून कुणी खांदे उडवले, कुणी विचारलं, "यात काय हुंगायचंय?" चुरगळीपाशी मात्र सगळ्यांचे चेहरे सैल पडले. ट्रकवाल्याने न विचारता एक पाकळी तोडून खिशात टाकली. मुख्याध्यापिका बाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायचं सोडून दिलं आणि त्या म्हणाल्या, "थांबा हो जरा, घाई काय आहे?"

काका हे चेहरे बघत होते. वास त्यांना येत नव्हता, पण तो समोरच्या माणसात कसा शिरतो आणि काय करतो, हे त्यांना पहिल्यांदाच इतकं नीट दिसलं. आजवर ते स्वतःच डोळे मिटून हुंगत आले होते.

दुपारी दुकान बंद करून ते वर गेले. काकू तांदूळ निवडत होत्या.

"तुझं बरोबर होतं," काका दारातूनच म्हणाले.

"कशाचं?"

"सगळ्याचं. महाराणीला वास नाही. चुरगळीचा… आज दुकानात माणसं हलेनात. मी तुला तसं बोलायला नको होतं."

काकूंनी एक खडा बाजूला काढला. "हे तुम्हाला गिऱ्हाइकांनी सांगितलं तेव्हा पटलं."

"हो," काका म्हणाले. 

"बसा," काकू तांदळाचं ताट बाजूला सारत म्हणाल्या. "वाढते."

बाईंना दिलेला शब्द काकांनी मोडला नाही. महाराणी नर्सरीत गेलीच. पण तिच्याबरोबर चुरगळीही न्यावी, असा त्यांनी हट्ट धरला. बाई नाखूश होत्या.

"काका, हिला कोण घेईल? अंगावरच्या कपड्यात झोपून उठल्यासारखी दिसते."

"हुंगा," काकू मध्येच म्हणाल्या.

बाईंनी हुंगलं. मग त्यांनी चुरगळीभोवती एक फेरी मारली, पानं उलटून पाहिली आणि पुन्हा हुंगलं. "नाव काय ठेवायचं हिचं?"

काकांनी काकूंकडे बघितलं. "मी म्हणतो, हिचंच नाव देऊ."

"खबरदार!" काकू म्हणाल्या. "उद्या लोक म्हणतील, काकूंवर मावा पडलाय, काकूंना औषध मारा. काकू फार माजल्यात, छाटा त्यांना. मला नको तसलं. चुरगळी आहे ते काय वाईट आहे?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना बागेच्या भिंतीचा आधार घ्यावा लागला.

डोळे काकांनी स्वतः भरले. घड्याळातल्यासारखे बारीक स्क्रू फिरवून त्यांची बोटं तयार होती. पहिल्या खेपेचे बरेच डोळे काळे पडून गळाले. चुरगळीची साल नाजूक निघाली, पट्टी जरा घट्ट बसली की डोळा गुदमरे. दुसऱ्या खेपेला त्यांनी पट्टी सैल बांधली, आणि बहुतेक सगळे फुटले.

पहिल्या हंगामात महाराणी हातोहात गेली, बाई म्हणाल्या होत्या तशीच. चुरगळीची रोपं तशीच पडून राहिली. मग बाईंनी त्यांच्या कुंड्या आतून उचलून फाटकाच्या दोन्ही बाजूंना मांडल्या, म्हणजे येणाऱ्याला त्यांच्यामधूनच यावं लागे. तेव्हापासून ती जाऊ लागली. फार नाही, पण जो एक नेई तो महिन्याभरात दुसरं मागायला येई. शिंप्याने दुकानाच्या पायरीशी लावली. ट्रकवाल्याने बहिणीकडे नेऊन दिली आणि तिच्या शेजारणीसाठी पुन्हा आला.

काकांचं नाक काही परत आलं नाही. कधी कधी भ्रम झाल्यासारखं काहीतरी जाणवे आणि विरून जाई. पहिलं वर्षभर ते त्याची वाट बघत होते. पुढे त्यांनी डॉक्टरांकडे जाणं सोडलं आणि त्याबद्दल बोलणंही.

एका वसंतात, या वेळी कुठली दोन झाडं जुळवायची यावर ते विचार करत बसले असताना काकू बागेतून हाक मारू लागल्या. ते खाली गेले. काकूंनी भिंतीलगतच्या एका जुन्या, काटेरी पिवळ्या झाडाची कळी सोलून ठेवली होती. पाकळ्या खाली पडल्या होत्या, पुंकेसर एकही राहिला नव्हता, काम अगदी स्वच्छ झालं होतं.

"ही?" काका म्हणाले. "अगं, हिच्या पानांवर दर वर्षी ठिपके पडतात."

"पडू देत. पानं दुसऱ्याकडून घेऊ. हिच्यात एक वास आहे, अगदी खाली, तुम्हाला कधी लागलाच नव्हता. मला तो वर आणायचाय."

"कसला वास?"

"तो आला की सांगेन. आता सांगून तुम्हाला काय कळणार आहे?" काकूंनी हातातली कागदी पिशवी त्यांच्याकडे दिली. "ही उघडी धरा, उद्या पराग लावेपर्यंत कळी झाकून ठेवायचीय. आणि जरा बाजूला व्हा, माझ्या उजेडात उभे आहात."

काका बाजूला झाले आणि पिशवी उघडी धरून उभे राहिले.