क्रम फक्त आईंना माहीत

आमच्या घरात सगळ्यात जास्त बंदोबस्त कुणाचा, असं विचारलं असतं तर मी डोळे झाकून सांगितलं असतं, दारातल्या गाडीचा. लेकीच्या खोलीच्या दाराची कडी नीट लागत नव्हती, ती दुरुस्त करायला नवऱ्याला सवड नव्हती. गाडीसाठी मात्र होती.

गाडी होतीच तशी. पाय नुसता टेकवला की पाठ सीटला चिकटायची. ती आल्यापासून ह्या माणसाची झोप उडाली. स्टिअरिंगला कुलूप, खाली कुठेतरी ट्रॅकर, फाटकावर कॅमेरा. किल्लीचा सिग्नल चोर म्हणे भिंतीबाहेरून पकडतात, म्हणून किल्ली माझ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तेवढ्यानेही त्याचं समाधान होईना. मग त्याने आणखी एक यंत्रणा बसवून घेतली. गाडीतलीच नेहमीची बटणं ठरावीक क्रमाने दाबल्याशिवाय, किल्ली हातात असली तरी इंजिन सुरू होणार नाही.

हा क्रम त्याने मला सांगितला नाही. "तुझ्या पोटात काही राहत नाही," म्हणाला. तो कामासाठी सारखा बाहेरगावी, अडीअडचणीला घरात कुणाला तरी माहीत हवा, म्हणून सांगितला आपल्या आईला. सासूबाईंना गाडी चालवता येत नाही, पण आई जीव गेला तरी बोलणार नाही, याचा त्याला कोण अभिमान. मला राग आला होता. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

त्या दुपारी अंगात कणकण होती म्हणून मी ऑफिसातून लवकर घरी आले. एरवी ह्या वेळी घरात सासूबाई आणि आमची चिमी, दोघीच असतात. चिमी आत झोपली होती. बेल वाजली. दारात सर्व्हिस सेंटरचे कपडे घातलेले दोन पुरुष. "साहेबांनी पाठवलंय, गाडी तपासायची आहे," एक जण नम्रपणे म्हणाला आणि मी बावळटासारखी साखळी काढली.

आत आल्यावर त्याने पिशवीतून लोखंडी पाना काढला आणि टेबलावर ठेवला, एवढंच. किल्ली मीच काढून दिली, स्टिअरिंगच्या कुलपाचीही. घाईत डब्याचं झाकण खाली पडलं. दुसरा माणूस बाहेर गेला. जाऊ दे गाडी, मी मनात म्हणत होते, फक्त चिमी उठू नये.

तो परत आला. "सुरू होत नाहीये."

"आणखी काय बसवलंय?" पान्यावाल्याने मला विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"बटणांचा क्रम आहे. मला माहीत नाही, खरंच." आणि बोलता बोलता माझी नजर सासूबाईंकडे गेली. त्याने ती टिपली.

तो सोफ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसला. "आजी, सांगा."

सासूबाई बोलल्या नाहीत. ओठ घट्ट मिटलेले, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. त्याने पुन्हा विचारलं. आतून चिमी खोकली.

"आत कोण आहे?" त्याने मान वळवली.

"आई, सांगून टाका ना. गाडी गेली खड्ड्यात. आई, तुमच्या पाया पडते." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या क्षणी मला त्यांचा जितका तिटकारा आला तितका त्या चोरांचाही आला नव्हता. समोरच्या पान्यापेक्षा मुलाला दिलेला शब्द मोठा, नातीपेक्षाही मोठा.

"आत बघ रे," तो दुसऱ्याला म्हणाला. मी धावत जाऊन चिमीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. "थांबा. नवऱ्याला फोन लावते. तो सांगेल."

त्याने फोन स्पीकरवर ठेवायला लावला. मी नवऱ्याला गाडीचा क्रम विचारला.

"कामात आहे गं. क्रम ना, आईला विचार," नवरा म्हणाला.

"आई तोंड उघडत नाहीयेत. अरे, ते चिमीच्या दाराशी आलेत."

त्याने एका दमात सगळी बटणं सांगितली. बाहेर इंजिन गरजलं, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि ते दोघे गेले.

मी चिमीला उचलून छातीशी धरलं. ती झोपेतच होती. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"मी सांगणार होते गं," त्या म्हणाल्या. "त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हाच."

"मग का नाही सांगितलंत?"

"आठवेना. पहिलं बटण कुठलं, तेच आठवेना." त्यांनी माझं मनगट धरलं. "हल्ली होतं असं. परवा गॅस बंद केला की नाही, हेच कळेना. त्याला सांगू नकोस. माझ्याबद्दल किती वाटतं त्याला."

चोर गेले होते आणि खरी भीती मला आता वाटायला लागली. गॅस. गच्चीचं दार. बादलीतलं गरम पाणी. रोज सकाळी मी चिमीला ह्यांच्या हवाली करून निघते.

संध्याकाळी नवरा आला. पोलीस येऊन गेले होते. गाडीबद्दल तो चकार शब्द बोलला नाही, हे त्याचं मला आजही कौतुक आहे. तो सरळ आईसमोर जमिनीवर बसला. "समोर पाना ठेवला तरी बोलली नाहीस," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मी सासूबाईंच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दाबला. त्या माझ्याकडे बघत होत्या. दुपारी चोर शेजारी बसला होता तेव्हाही त्यांचा चेहरा इतका भेदरलेला नव्हता.

"घाबरू नकोस," नवरा मला म्हणाला. "उद्या बिनधास्त ऑफिसला जा. आई घरात असताना चिमीला कसली भीती?"

"आईंना क्रम आठवत नव्हता," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझा हात सोडला.