शेवटच्या मिनिटातलं व्हायोलिन

माझं चष्म्याचं दुकान आहे. गेली एकतीस वर्षं मी लोकांना एक डोळा झाकायला सांगून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतो, आणि तितकीच वर्षं लोक मला फसवायला बघतात. नंबर वाढलाय हे कुणालाच कबूल करायचं नसतं. काही जण तर बाकावर बसल्या बसल्या आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून तक्ता पाठ करतात आणि खुर्चीत आले की शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवतात. अशांसाठी मी दुसरा तक्ता ठेवलाय. तो लावला की त्यांची बोलती बंद होते. मला त्यात फार मजा यायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाला माझी दया यायला नको.

रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी सकाळी दहाला मागच्या खोलीत पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड ऐकायला आमची मंडळी जमायची. मंडळी म्हणजे किती, तर तिघं. मी, बँकेतले मॅनेजर आणि समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. मॅनेजरना तुताऱ्या-ढोल असलेलं, दणदणीत काहीतरी लागतं. एरवी आवाज चढवायची सोय नसलेला माणूस, रविवारी त्याचं उट्टं काढतो. डॉक्टरीणबाईंना पियानोचे छोटे तुकडे आवडतात, दोन पेशंटांच्या मध्ये ऐकून होतील असे. माझा जीव चार वाद्यांच्या संगीतात. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, बस.

नियम मी केलेला होता. ज्याची पाळी त्याने रेकॉर्ड आणायची, पण कव्हर पिशवीतच ठेवायचं. संगीतकाराचं नाव शेवटी. नाव कळलं की माणूस आधी मान डोलावतो आणि मग ऐकतो, असं माझं म्हणणं. त्यामुळे आमच्यात संगीतकारांच्या नावांपेक्षा त्यांची टोपणनावंच जास्त चालायची. एक 'दहा पोरांचा बाप', एक 'खोकला', एक 'सासुरवाडीचा'. रेकॉर्ड संपली की नव्या माणसाने आधी बोलायचं आणि मी सर्वांत शेवटी. कोणी वाजवलंय, कुठल्या वर्षी वाजवलंय, दुसरा व्हायोलिनवाला कुठे घाबरलाय, हे सगळं मी सांगायचो. मॅनेजर मला कानसेन म्हणत. मी "छे हो" म्हणायचो आणि रविवारभर हरभऱ्याच्या झाडावर बसून असायचो.

टेलरताई आमच्यात आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं शिवणकामाचं दुकान. सुईत दोरा ओवताना त्रास होतो म्हणून आल्या आणि चष्म्याची फ्रेम निवडता निवडता काहीतरी गुणगुणत होत्या. मी कान टवकारले. म्हटलं, हे तुम्ही कुठे ऐकलंत? म्हणाल्या, "दुकानात रेडिओ असतो ना दादा. वीस वर्षं ऐकतेय. नाव-गाव काही कळत नाही, पण लक्षात राहतं." मी त्यांना रविवारी बोलावलं. दोन महिने त्या नेमाने आल्या. कडेच्या स्टुलावर बसायच्या आणि पाळी आली की "छान होतं" एवढंच म्हणायच्या. मी त्यावर थोडं हसायचो. सगळेच हसायचे.

मग त्यांनी पहिल्यांदा स्वतःची रेकॉर्ड आणली. अस्तराच्या कापडाच्या, स्वतः शिवलेल्या पिशवीत होती. रेडिओवर ऐकलेली एक रचना त्या कितीतरी वर्षं शोधत होत्या आणि शेवटी जुन्या सामानाच्या दुकानात सापडली. कुणा लहान गावातल्या ऑर्गनवाल्याने लिहिलेली, उभ्या आयुष्यात तीनच गोष्टी लिहिलेला माणूस. हे अर्थात नंतर कळलं. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "शेवटचं एक मिनिट नीट ऐका हं."

"इथे आधी काही सांगायचं नसतं," मी म्हणालो.

त्या ओशाळल्या. मी रेकॉर्डवर सुई ठेवली.

चार वाद्यांचं संगीत, म्हणजे माझंच अंगण. पण ही रचना मी कधी ऐकली नव्हती. संथ, फार सुंदर. शेवटाकडे चेलो थांबला, मग व्हायोला, मग दुसरं व्हायोलिन. आणि मग काहीच नाही. तबकडी फिरतेय, सुई पुढे सरकतेय, आणि आवाज नाही. चांगलं मिनिटभर. मला शहारा आला. एवढा वेळ नुसती शांतता लिहून ठेवायची म्हणजे छाती लागते.

माझी पाळी आली तेव्हा मी त्या शांततेवर बोललो. किती बोललो ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. म्हणालो, सामान्य माणसाने इथे एखादा सूर भरला असता. याने हात आखडता घेतला. ही रिकामी जागा ऐकायला कान तयार लागतो. मॅनेजर म्हणाले, "वा, वा!" डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या.

टेलरताई म्हणाल्या, "पण दादा, शेवटी व्हायोलिन होतं की. एकटंच. खूप वरचा सूर आहे, अगदी बारीक. त्याच्यासाठीच तर मी आणली."

याआधी सगळ्यांदेखत मला कुणी चुकीचं ठरवलं नव्हतं. मला राग आला. मी म्हणालो, "ताई, वीस वर्षं मशीन चालवताय. ते मशीनच बसलंय तुमच्या कानात. आता झोपेतसुद्धा व्हायोलिन ऐकू येणार तुम्हाला."

मॅनेजर खो-खो हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. टेलरताई म्हणाल्या, "असेल," आणि रेकॉर्ड काढून पिशवीत घातली. पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

घरी गेल्यावर हा विनोद मी बायकोला रंगवून सांगितला होता. ती हसली नाही. तीन आठवड्यांनी ती डबा घेऊन दुकानात आली तेव्हा मी काचा घासायच्या मशीनपाशीच बसलो होतो, पेपर वाचत. काच घासून झाली की ते मशीन शिटी मारतं.

"अहो, किती वेळ ओरडतंय ते!" बायको म्हणाली.

मी मशीनवरच्या दिव्याकडे पाहिलं. हिरवा लागला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कितीतरी दिवस मी दिवाच बघतोय. शिटी शेवटची कधी ऐकली ते आठवेना.

"दोन वर्षं झाली," बायको डबा उघडत म्हणाली. "मी मोठ्याने बोलते, तर तुम्हाला वाटतं मी चिडलेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"चारदा सांगितलं. ऐकलंत कुठे?"

कान तपासायला गेलो. काचेच्या पेटीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पहिले काही आवाज आले. मग बराच वेळ गेला, काही येईना. बाहेर तपासणीच्या यंत्रापाशी बसलेली मुलगी तर काहीतरी करताना दिसत होती. मी अंदाज बांधला. ती खाली बघते, मान वर करते, म्हणजे आवाज. तिने मान वर केली की मी बटण दाबू लागलो. छान जमत होतं.

तिने दार उघडलं. "काका," ती अगदी हळुवारपणे म्हणाली, "आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

धरणी दुभंगावी म्हणतात ते त्या खुर्चीत बसून मला कळलं. तिने कागदावर रेघ काढून दाखवली. खालचे सूर ठीक, वर जाता जाता रेघ घसरगुंडीसारखी खाली. बारीक, उंच आवाज माझ्यासाठी संपलेच होते. रविवारी ज्या रेकॉर्डवर मी एवढं बोलायचो त्या सगळ्या मला तोंडपाठ होत्या. व्हायोलिन वर गेलं की उरलेलं मी आठवणीतून भरत होतो. टेलरताईंची रेकॉर्ड तेवढी नवी होती.

"त्या बाईंना सांगणार ना?" बायकोने विचारलं.

"सांगणार तर!" मी म्हणालो, आणि पुढचे दोन आठवडे त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं.

शेवटी एका दुपारी गेलो. आत एक बाई कोटाचं माप देत होत्या, म्हणून पलीकडच्या दुकानाच्या काचेत उगाच बघत उभा राहिलो. त्या बाई गेल्यावरच आत शिरलो. टेलरताईंच्या दुकानातला रेडिओ बंद होता. मी एका दमात सांगून टाकलं. माझे कान गेलेत, व्हायोलिन होतं, मी चुकलो.

त्यांनी मशीनवरचा पाय काढला. "मी घरी जाऊन पुन्हा लावली होती, दादा. मला ऐकू येत होतं. मग वाटलं, एवढा जाणता माणूस म्हणतोय म्हणजे भासच असणार. तेव्हापासून लावली नाही."

"माझंच चुकलं," मी पुन्हा म्हणालो.

"हो. पण हसलात तेव्हा तिघं होतात. आणि माफी मागायला मात्र गिऱ्हाईक बाहेर जाईपर्यंत थांबलात. मी बघत होते."

मी मान खाली घालून म्हणालो, "रविवारी याल का? सगळ्यांसमोर सांगतो."

त्या रविवारी टेलरताई आल्या, रेकॉर्ड घेऊन. स्टुलावर बसल्या नाहीत, दारापाशी उभ्याच राहिल्या. मी उठलो. गिऱ्हाइकांची उलटतपासणी घेणारा मी, आता माझीच पाळी होती. म्हणालो, "त्या दिवशी व्हायोलिन वाजत होतं. शेवटपर्यंत. मला ऐकू आलं नाही, कारण मला आता तेवढं वरचं ऐकूच येत नाही. आणि यांनी खरं सांगितलं तर मी यांची टर उडवली. ताई, मला माफ करा."

मॅनेजर घाईघाईने उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "अहो कानसेन, एवढं काय मनाला लावून घेता! आम्हाला तेव्हाच कळलं होतं. व्हायोलिन चांगलं ऐकू येत होतं. म्हटलं, जाऊ दे, तुमचा मान राहू दे."

टेलरताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू येत होतं?"

"हो, म्हणजे..."

त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या, "मलाही."

"यांना ऐकू आलं नव्हतं, म्हणून हे बोलले," टेलरताई म्हणाल्या. "तुम्ही कशाला हसलात?"

मॅनेजरचा हात माझ्या पाठीवरून निघाला. आणि मला, लिहितानाही लाज वाटते, मला एकदम हलकं वाटलं. महिनाभर मी एकट्याने वाहिलेलं ओझं आता तिघांत वाटलं गेलं होतं, उलट माझ्या वाट्याला सगळ्यांत कमी आलं होतं. मी तर बहिरा, माझा काय दोष? तेवढ्यात टेलरताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा हसतोय हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी पिशवी काखेत घेतली. दार उघडलं आणि वळून मला उद्देशून काहीतरी म्हणाल्या, अगदी हळू. मला नुसते ओठ हललेले दिसले. मग त्या गेल्या.

मी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनीही ऐकलं होतं, ते दिसतच होतं. विचारलं असतं तर मॅनेजरनी लगेच सांगितलं असतं, माझ्या मनाला बरं वाटेल असं काहीतरी. म्हणून मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.