एकाच डब्यातलं ग्रीस

मित्रांनो, मी एक जुनी बिजागरी आहे आणि मला फार राग आला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका धानगिरणीच्या अंगणात जीप उभी असते, तिचं डावं दार मी सांभाळते. गॅरेजवाले मला कब्जा म्हणतात.

दोन पोलादी पाती आणि त्यांच्यातून ओवलेली एक खीळ, एवढंच माझं शरीर. गिरणीचे मालक केशोराव यांनी जीप घेतली तेव्हापासून मी राबते आहे. मला काय हवं ते त्यांना ठाऊक होतं. आधी ते रॉकेलच्या फडक्याने माझ्या सांध्यातली घाण काढत, मला कोरडी करत आणि मगच बोटाच्या टोकावर मावेल एवढं पांढरं लिथियम ग्रीस लावत. मग दार दहा वेळा उघडायचं, मिटायचं आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसायचं. उघडमीट त्यांची मुलगी रेणू करायची. कंटाळली की सातावरून थेट दहावर यायची.

"आठ आन् नऊ का कोंबडीनं खाल्ले?" केशोराव विचारायचे.

गेल्या उन्हाळ्यात केशोराव गेले. दसऱ्याला गिरणीतली सगळी यंत्रं धुऊन, ग्रीस लावून पुजायची रीत आहे. त्यांच्या मुलाने, देवेंद्रने, बेअरिंगच्या काळ्या ग्रीसचा डबा उघडला आणि पंगतीत वाढावं तसं सगळ्यांना त्यातलंच वाढलं. मी ओली होते, सांध्यात माती होती, तिच्यावरच गोळा बसला. ते ग्रीस वाईट नाही. पण बेअरिंग झाकलेलं असतं, मी उघडी असते. गिरणीतला कोंडा उडून त्या गोळ्याला चिकटला, आत ओढला गेला आणि माझी खीळ घासू लागला. मी करकरले. देवेंद्रने आणखी एक गोळा थापला. माझा आवाज बसला. त्याला वाटलं, बरी झाली.

मित्रांनो, आळशी माणूस मला परवडला असता. हा तर मला हळदकुंकू लावून मारत होता.

दिवाळीनंतर केशोरावांच्या पत्नी शामकलाबाई गुडघ्याच्या उपचारासाठी गोंदियाला निघाल्या. दाराला धरूनच त्या चढतात. दार अर्ध्यावर अडकलं, देवेंद्रने हिसका दिला आणि त्या अंगणात पडल्या. हाड मोडलं नाही, धीर मोडला.

"मले आता कुठीच जाचं नाही," त्या म्हणाल्या. जीपमध्ये मागून त्यांना चढता येत नाही. उपचार थांबला.

रामलाल मिस्त्रीने मला ठोकून पाहिलं. "काट के वेल्डिंग मार देते हैं. दरवाजा बंद, झंझट खतम."

त्याच दिवशी रेणू फुलचूर गावाहून आली. तिने माझ्यावर बोट फिरवलं आणि दोन बोटांत ते चोळून पाहिलं. बोटांना खरखर लागली.

"कोणतं ग्रीस लावलं?" तिने देवेंद्रला विचारलं.

"ग्रीस म्हणजे ग्रीस, बाई. अख्खी मिल त्याच्यावर फिरून राह्यली. या कब्जाचेच काऊन लाड?"

"मंग पोळीलेही तेच लाव. तूप कायले पाह्यजे?"

"बाबानं मले सांगतलं नाही."

"बाबा तुझ्यासमोर लावत होता."

"तू पाहून राह्यली होती. मी मिल चालवून राह्यलो होतो."

रेणूने रामलालला कापायला मनाई केली आणि खीळ काढून मागितली. आतून काळा चिखल निघाला, कोंड्याने भरलेला. खीळ एका बाजूने चपटी झाली होती. रामलालने नवी बसवली. रेणूने मला पुसून पांढरं ग्रीस लावलं. देवेंद्र शेजारी उभा राहून पाहत होता, यावेळी सगळं.

आता दार एका बोटाने हलतं. शामकलाबाई पुन्हा गोंदियाला जाऊ लागल्या आहेत. पण त्या दाराला हात लावत नाहीत, देवेंद्रचा खांदा धरून चढतात. मी तशीच रिकामी उभी राहते. म्हणून माझा राग जात नाही.

मित्रांनो, डबा उघडण्याआधी फडकं घ्या. उघड्या सांध्याला धूळ न धरणारं, पावसात धुऊन न जाणारं ग्रीस लावा, तेही थोडंच. ते शोधायला वेळ नसेल तर मला कोरडीच राहू द्या. कोरड्या बिजागरीचं ओरडणं निदान ऐकू तरी येतं.