भंडाऱ्याखालचा दगड

"मागं सरा. पुढं कुणी जायचं नाय, देवाची वाट अडते," बहिरू भगत ओरडला, आणि हरसूलजवळच्या त्या पाड्यावरची दीडशे माणसं रथामागे एकवटली.

१९९८ सालचा उन्हाळा. भगताचा अंगारा लावूनही अकरा जनावरं दगावली होती. दोष आता कुणाच्या तरी दारात टाकायला हवा होता. म्हणून चार चाकांचा नवा रथ. तो ओढायचा नाही, मागून ढकलायचा. पुढे एकटा भगत, मूठमूठ हळदीचा भंडारा टाकत. रथ आपणहून ज्या दाराकडे वळेल, तिथे डाकीण.

अंबूबाईच्या घरापाशी रथ अडखळला आणि डावीकडे, थेट तिच्या दाराकडे वळला. ती नागली पाखडत होती. सूप हातातच राहिलं.

"मी हात लावला का?" भगताने दोन्ही हात वर केले. "देवाच्या गाडीला स्टेरिंग लागत नाय. म्हातारे, उद्या उजाडायच्या आत पाडा सोड."

शाळेत विज्ञान शिकवणारी स्नेहल "थांबा" म्हणाली. ते कुणाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. शेजारची नवसाबाई तेवढी वळली. "बाई, तुम्ही नाशिकच्या. तुम्हाला इथलं काय ठावं?"

गर्दी पांगल्यावर स्नेहलने वळणावरचा भंडाऱ्याचा पिवळा ढीग पायाने उकरला. आत विटेएवढा दगड होता. तो उचलून ती रथ बनवणाऱ्या सावळीराम सुताराकडे गेली.

"काका, पुढची चाकं कशी बसवलीत?"

"दोन्ही एकाच आसावर. आसाच्या मधोमध एक खिळा, त्याच्यावर अख्खा आस फिरतो."

"आणि आस सरळ धरायला दांडी?"

"होती. भगतानं काढाया लावली." सावळीराम दगडाकडे बघत राहिला.

सकाळी तिने लोकांसमोर तोच दगड भगताच्या घरापुढे, उजव्या चाकाखाली ठेवला. "ढकला."

उजवं चाक अडलं, डावं पुढे गेलं. रथ भगताच्या दाराकडे वळला.

"म्हंजे भगताच्या घरातबी डाकीण?" नवसाबाई हळूच म्हणाली.

स्नेहलने रथ शाळेपुढे नेऊन, तोच दगड ठेवून दाखवला. तिथेही वळला.

"शाळेतबी?" मागून कुणीतरी म्हणालं.

ती पायरीवर बसली. तेव्हा सावळीराम उठला. त्याने आसाच्या दोन्ही बाजूंना पाचरी ठोकल्या. "आता ढकला." रथ दगडावरून धडकन उडाला आणि सरळ गेला.

"एक चाक अडलं की अख्खा आस फिरतो," स्नेहल म्हणाली. "जुन्या घोडागाड्या अशाच भरकटायच्या. म्हणून एकशेऐंशी वर्षांपूर्वी म्युनिकच्या एका गाडी बनवणाऱ्याने दोन्ही चाकांना वेगळे खिळे दिले. तुमची हरसूलची जीपही त्याच युक्तीने वळते. चाकाला दगड कळतो. डाकीण कळत नाही."

"पुस्तकातलं हाय ते," म्हणत भगत घरात गेला. गर्दीतले दोघे हसले. बाकीचे जमिनीकडे बघत राहिले.

अंबूबाईचं दार मात्र सुंभाने बांधलेलं होतं. ती पहाटेच दिंडोरीला गेली होती, द्राक्षमळ्यात राबणाऱ्या लेकीकडे.

रविवारी स्नेहल तिथे गेली आणि तिने सगळं सांगितलं. अंबूबाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"दगड काढला, बरं केलं बाई. पण ढकलणारे तेच हायेत ना? त्यातल्या निम्म्यांची नाळ मी कापली."

वर्गात स्नेहल आता एवढंच सांगते: रथ वळला की दाराकडे बघू नका. आधी वाका, आणि चाक बघा.